‘यस’चे बटण, पासवर्ड की वेगळे खाते? विंडोजच्या परवानगी-पॉपअपचे पर्याय शेजारी ठेवून

एखादे सॉफ्टवेअर टाकायला घेतले की स्क्रीन काळवंडते आणि मधोमध चौकट उभी राहते: या प्रोग्रॅमला तुमच्या संगणकात बदल करू द्यायचे का? चौकटीतला मजकूर वाचून होण्याआधीच बहुतेकांचे बोट ‘यस’वर गेलेले असते. या चौकटीचे नाव यूजर अकाउंट कंट्रोल, थोडक्यात यूएसी. ती आहे तशीच ठेवावी, कडक करावी की वेगळाच मार्ग धरावा, हे ठरवू पाहणाऱ्यांसाठी हा आढावा आहे. घरचा संगणक आणि विंडोज १० किंवा ११ एवढेच गृहीत धरले आहे.

आधी आतली गोष्ट, कारण पुढचा सगळा निवाडा तिच्यावरच उभा आहे. नवा संगणक सुरू करताना तयार होणारे पहिले खाते अ‍ॅडमिनचे असते. त्या खात्याने लॉगिन केले की विंडोज तुमच्या नावाने दोन ओळखपत्रे बनवते, एक अधिकार छाटलेले आणि एक पूर्ण अधिकारांचे. रोजचे काम छाटलेल्या ओळखपत्रावर चालते. तुम्ही ‘यस’ म्हटले की त्या एका प्रोग्रॅमला पूर्ण ओळखपत्र मिळते. पण दोन्हींचा मालक एकच. फोल्डर तेच आणि रजिस्ट्रीतला, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या वहीतला, तुमचा भागही तोच. एकाच घरात मधे पडदा लावून दोन खोल्या केल्या, तसे हे आहे.

जसे आहे तसे

यूएसी २००७ साली विस्टाबरोबर घरोघरी आले आणि उठसूट विचारण्याबद्दल त्याने भरपूर शिव्या खाल्ल्या. म्हणून २००९ च्या विंडोज ७ मध्ये चार पायऱ्यांची सरकपट्टी आली आणि मूळ सेटिंग वरून दुसऱ्या पायरीवर ठेवले गेले. या पायरीवर बाहेरच्या प्रोग्रॅमसाठी चौकट येते, पण विंडोजचे स्वतःचे काही ठरावीक प्रोग्रॅम न विचारता पूर्ण अधिकार घेतात. आजही मूळ सेटिंग हेच आहे.

सोय झाली, पण फटही इथेच पडली. २०१७ मध्ये गाजलेले उदाहरण फॉडहेल्परचे. हा विंडोजचाच एक छोटा प्रोग्रॅम, न विचारता वर चढणाऱ्यांपैकी. सुरू झाल्यावर पुढे काय उघडायचे हे तो रजिस्ट्रीच्या तुमच्या भागात पाहतो, आणि त्या भागात लिहायला कोणतेही अधिकार लागत नाहीत. एखाद्या उपद्रवी प्रोग्रॅमने तिथे स्वतःचा पत्ता लिहिला की फॉडहेल्पर त्यालाच पूर्ण अधिकारांनिशी उघडून देतो. स्क्रीन काळवंडत नाही आणि कोणी काही विचारत नाही. अशा युक्त्यांची जंत्री ठेवणारा यूएसीमी नावाचा खुला प्रकल्प आहे, त्यात साठाहून अधिक प्रकार नोंदले आहेत. विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, डिफेंडर, त्यांतले बरेच ओळखतो. तरी मायक्रोसॉफ्ट स्वतःच नेहमीच्या यूएसीला सुरक्षेची सीमा मानत नाही, हे लक्षात ठेवावे.

सरकपट्टी सर्वांत वर

स्टार्टमध्ये ‘यूएसी’ (UAC) टाइप करा, सेटिंग उघडा आणि पट्टी वरच्या टोकाला न्या. मिनिटभराचे काम. आता विंडोजच्या स्वतःच्या प्रोग्रॅमनाही विचारावे लागते, त्यामुळे फॉडहेल्परच्या जातीच्या युक्त्या गुपचूप चालत नाहीत, चौकट येतेच. बदल्यात टास्क मॅनेजर किंवा डिव्हाइस मॅनेजर उघडतानाही एक क्लिक जास्त पडते. मला हा सौदा स्वस्त वाटतो. खाती बदलण्याचा खटाटोप नको असेल, तर निदान एवढे तरी करावेच.

पण ही भिंत सलग नाही. डिस्क साफ करणारे विंडोजचे एक नियोजित काम मुळातच उंच अधिकारांनी, चौकटीशिवाय चालते. २०१७ मध्येच दाखवले गेले की वापरकर्त्याच्या हातातले एक सेटिंग बदलून त्या कामाला भलतीकडे वळवता येते, आणि पट्टी वरच्या टोकाला असली तरीही. पडदा कितीही जाड लावला तरी घर एकच राहते.

वरून तिसरी पायरी दुसरीसारखीच, फक्त तिथे स्क्रीन काळवंडत नाही. ती घेऊ नये. काळवंडणे ही सजावट नव्हे. त्या वेळी चौकट वेगळ्याच डेस्कटॉपवर असते, आणि तुमच्या खात्यात चालणारा कोणताही साधा प्रोग्रॅम तिथे हात घालून ‘यस’ दाबू शकत नाही. दुरून मदत करणाऱ्याला या क्षणी बहुधा काळी स्क्रीन दिसते, म्हणून काही जण ‘ते काळे होणे बंद करा’ असे सांगतात. ओळखीच्या माणसाने सांगितले तर निदान कारण समजते. अनोळखी फोनवरून कोणी सांगत असेल तर फोन ठेवून द्यावा. सर्वांत खालच्या पायरीवर अ‍ॅडमिनला काहीच विचारले जात नाही, तेव्हा तिची चर्चा नको.

‘यस’ऐवजी पासवर्ड

त्याच अ‍ॅडमिन खात्यात राहून चौकटीला पासवर्ड किंवा पिन मागायला लावता येते. विंडोजच्या होम आवृत्तीत असे नियम बदलण्याचा पॉलिसी एडिटर नसतो, त्यामुळे रजिस्ट्रीत जावे लागते. एचकेएलएम (HKEY_LOCAL_MACHINE) या मुख्य शाखेखाली सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंटव्हर्जन, पॉलिसीज, सिस्टिम या वाटेने गेले की ‘कन्सेंटप्रॉम्प्टबिहेवियरअ‍ॅडमिन’ (ConsentPromptBehaviorAdmin) ही नोंद सापडते. तिथला मूळचा ५ हा आकडा बदलून १ करायचा. २ केला तर सरकपट्टी वर नेल्यासारखेच होते, म्हणजे ‘यस’चे बटण पण सगळ्यांसाठी. ३ केला तर पासवर्ड मागितला जातो, पण वेगळ्या डेस्कटॉपची हमी जाते. म्हणून १ च.

फायदा कुठे? संगणक उघडा टाकून तुम्ही उठलात आणि दुसरे कोणी येऊन बसले, तर त्याला नुसते ‘यस’ दाबून काही टाकता येत नाही. पेनड्राइव्हचे सोंग घेऊन आलेला एखादा तुकडा कीबोर्ड बनून भराभर कळा दाबू लागला, तर तोही इथे अडतो. आणि बोटाला जडलेली सवय मोडते, हेही काही कमी नाही.

या पर्यायाची एक उलटी बाजू मात्र सहसा कोणी बोलून दाखवत नाही. खोटी चौकट काढणे अवघड नसते. कोणताही प्रोग्रॅम स्क्रीनचे चित्र घेऊन, ते काळवंडून, वर हुबेहूब चौकट रंगवू शकतो. त्या खोट्या चौकटीत नुसते ‘यस’ असेल तर ते दाबून चोराच्या हाती काहीच लागत नाही, कारण खरा अधिकार विंडोजच देते. पण चौकट पासवर्ड मागत असेल आणि तुम्हाला तो देण्याची सवय झाली असेल, तर तुम्ही किल्ली स्वतःहून हातात ठेवता. म्हणजे ‘यस’चे बटण जिथे निरुपद्रवी होते, तिथे पासवर्डची चौकट मौल्यवान आमिष ठरते.

यावर तोडगा आहे, आणि पासवर्डचा पर्याय घेणाऱ्याने तो सोबतच घ्यावा. त्याच पॉलिसीजखाली ‘क्रेडयूआय’ (CredUI) नावाची की, म्हणजे रजिस्ट्रीतला कप्पा, असते, नसेल तर बनवावी. तिच्यात ‘एनेबलसिक्युअरक्रेडेन्शियलप्रॉम्प्टिंग’ (EnableSecureCredentialPrompting) ही ३२ बिटांची डीवर्ड (DWORD) प्रकारची नोंद करून किंमत १ द्यावी. त्यानंतर पासवर्ड टाकण्याआधी विंडोज कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबायला सांगते. या तीन कळा साध्या प्रोग्रॅमच्या हाती लागतच नाहीत, त्या थेट विंडोजकडे जातात. खोट्या चौकटीनेही त्या दाबायला सांगितल्या, तरी दाबल्यावर ती मागे पडते आणि समोर येते ते विंडोजचेच. कंटाळवाणे आहे खरे. पण नियम सोपा होतो: तीन कळा न दाबता पासवर्ड मागणारी चौकट खोटी.

रोजचे खाते वेगळे

चौथा पर्याय चौकट कडक करण्याचा नाही, तर घरे वेगळी करण्याचा आहे. रोजच्या कामासाठी स्टँडर्ड खाते, आणि अ‍ॅडमिनचे खाते बाजूला, फक्त परवानगीपुरते. स्टँडर्ड खात्याकडे पूर्ण अधिकारांचे ओळखपत्र मुळी नसतेच, तेव्हा फॉडहेल्परची युक्ती ज्यावर चढायची ती शिडीच उरत नाही. परवानगी द्यायची झाली की चौकट दुसऱ्या खात्याचा पासवर्ड मागते, आणि प्रोग्रॅम त्या दुसऱ्या खात्याच्या नावाने, त्याच्याच फोल्डर आणि रजिस्ट्रीसह चालतो. खोट्या चौकटीचा धोका इथेही उरतो, म्हणून तीन कळांची अट इथेही लावावी.

त्रास किती? नवा संगणक मांडताना पहिल्या दिवशी पासवर्ड टाकून टाकून जीव मेटाकुटीला येतो. पुढे अनेक ब्राउझर आणि अ‍ॅप स्वतःचे अपडेट मागच्या मागे करतात, आणि कित्येक दिवस चौकट दिसतही नाही. खरी कटकट वेगळीच आहे. काही इन्स्टॉलर ‘फक्त या वापरकर्त्यासाठी’ बसतात, आणि अ‍ॅडमिनच्या नावाने चालल्यामुळे अ‍ॅडमिनच्याच फोल्डरमध्ये जाऊन बसतात. मग तुमच्या स्टार्टमध्ये आयकॉन काही दिसत नाही. अशा वेळी ‘सर्वांसाठी’ हा पर्याय निवडायचा, नाहीतर परवानगी न मागता आपल्याच खात्यात बसवून पाहायचे.

मुलांच्या किंवा संगणकाची फारशी सवय नसलेल्या कोणाच्या खात्यासाठी आणखी एक पाऊल टाकता येते. रजिस्ट्रीतल्या वरच्याच सिस्टिम या कीमध्ये ‘कन्सेंटप्रॉम्प्टबिहेवियरयूजर’ (ConsentPromptBehaviorUser) शून्य केले की स्टँडर्ड खात्याला चौकटच येत नाही, सरळ नकार मिळतो. काही टाकायचे तर अ‍ॅडमिनने स्वतःच्या खात्यातून टाकायचे. हा बदल त्या संगणकावरच्या सगळ्या स्टँडर्ड खात्यांना लागू होतो, हे आधी घरात सांगून ठेवावे.

विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर प्रोटेक्शन’ जाहीर केले. तेही याच वाटेने जाते: परवानगी दिली की प्रोग्रॅम विंडोजने सांभाळलेल्या एका छुप्या, वेगळ्या खात्यातून चालतो, आपोआप वर चढणे बंद होते, आणि ओळख पिन, बोट किंवा चेहऱ्याने पटवता येते. विंडोज सिक्युरिटीतल्या अकाउंट प्रोटेक्शनमध्ये ते दिसत असेल तर विचार करण्याजोगे आहे. दिसत नसेल तर वेगळे खाते हेच काम आजही करते.

यांतले काहीही केले तरी तुमचे फोटो आणि कागदपत्रे चौकटीच्या अलीकडेच राहतात. फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रॅमला अ‍ॅडमिन व्हावे लागतच नाही, तुमचे फोल्डर तुमच्याच अधिकारात उघडते. त्यासाठी बॅकअप हवा, आणि तो एरवी संगणकाला न जोडलेला.

माझा कौल असा: एकटे वापरणारे आणि क्वचित काही टाकणारे असाल तर वेगळे खाते. दिवसभर सॉफ्टवेअर टाकणे-काढणे हाच धंदा असेल तर सरकपट्टी वर, ‘यस’च्या बटणासह. त्याच खात्यात पासवर्ड हा मधला पर्याय मी फक्त तिथे सुचवीन, जिथे संगणक उघडा राहतो आणि घरात ये-जा असते.

खाते वेगळे करणार असाल तर क्रम चुकवू नका. आधी नवे खाते बनवा, त्याला अ‍ॅडमिन करा, आणि त्याला हाताने टाइप करता येईल असा लांब पासवर्ड द्या, कारण पासवर्ड मॅनेजर त्या काळ्या स्क्रीनवर आपोआप भरू शकत नाही. त्या खात्यात एकदा प्रत्यक्ष लॉगिन करा, तिथून एखादे सेटिंग बदलून पाहा. सगळे चालते याची खात्री झाली की तिथूनच जुने खाते स्टँडर्ड करा, आणि साइन आउट करून परत या.