जुना टॅबलेट, ‘लाइव्ह’ चित्र आणि साडेसहा हजार रुपये

शिगम्यात आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या घोडेमोडणीचे चित्रीकरण करायचे तर ते गर्दीच्या डोक्यावरूनच करावे लागते. कमरेला घोड्याचा सांगाडा बांधून नाचणारे गडी, हातात तलवारी, ढोल-ताशांचा कल्लोळ. खाली उभे राहिले तर पुढच्या माणसाची मान तेवढी मिळते. म्हणून आम्ही काहीजण गोप्रोसारखा छोटा ॲक्शन कॅमेरा लांब बांबूच्या टोकाला बांधतो. पण कॅमेरा वर गेला की त्याचा पडदा दिसत नाही. चौकटीत घोडे आहेत की देवळाची कौले, हे कळायला हातात दुसरा पडदा हवा.

त्यासाठी जुना फोन किंवा टॅबलेट पुरतो, हे खरेच आहे. कॅमेरा स्वतःचे वायफाय सोडतो, फोन त्याला जोडायचा, कंपनीचे ॲप उघडायचे. चित्र दिसते, बटण दाबले की रेकॉर्डिंग सुरू. गोप्रोचे ‘क्विक’ हे ॲप फुकट उतरवता येते आणि त्यातून कॅमेरा चालवायलाही पैसे पडत नाहीत. वर्गणी आहे ती क्लाउड वगैरे सोयींची.

म्हापशात जुने मोबाईल विकणारा एकजण ‘ॲक्शन कॅमेऱ्याचा रिमोट टॅब’ अशी जाहिरात व्हॉट्सॲपवर फिरवत होता. मी माझा कॅमेरा घेऊनच गेलो, म्हणजे समोरासमोर खात्री होईल. त्याने कॅमेरा हातात घेतला, “सेटिंग करतो” म्हणून आपल्या फोनवर थोडी खुडबुड केली, फोन काउंटरवर पालथा ठेवला आणि टॅबलेट माझ्यापुढे धरला. पडद्यावर त्याचे दुकान, मी, वर फिरणारा पंखा. मी हात हलवला, चित्रातला हात हलला. “पळे मरे पात्रांव, कसो क्लियर येता!” (बघा साहेब, किती स्वच्छ दिसते!) टॅबलेटचे साडेचार हजार आणि ॲपच्या ‘लाइफटाइम लायसन’चे दोन हजार. वर हेही सांगितले, की पाण्याखाली चालतो, ग्रँड आयलंडला स्कुबावाले हेच वापरतात.

पाण्याचे आधी निकालात काढू. वायफाय आणि ब्लूटूथच्या लहरी पाणी गिळून टाकते. कॅमेरा काही सेंटिमीटर खाली गेला की फोनशी त्याचा संबंध तुटतो, मग फोन पाच हजारांचा असो की लाखाचा. स्कुबावाले कॅमेऱ्याचेच बटण दाबतात. ‘पाण्याखाली रिमोट’ म्हणून जुना फोन कोणी विकत असेल, तर त्या दुकानातून तिथल्या तिथे बाहेर पडायला हरकत नाही.

घरी येऊन टॅबलेटवरचे ॲप उघडले तर काळा पडदा, कनेक्शनची वाट पाहत असल्याचा इंग्रजी संदेश आणि बाकी काही नाही. कॅमेरा शेजारीच चालू होता. माझा भाचा असल्या कामात पटाईत. त्याने सेटिंगमधली जतन झालेली वायफाय नावे पाहिली. यादीत एकच नाव होते, आणि ते माझ्या कॅमेऱ्याचे नव्हते. कोणाच्या तरी फोनचा हॉटस्पॉट होता तो.

म्हणजे माझा कॅमेरा त्या टॅबलेटला कधी जोडलाच गेला नव्हता. कॅमेरा जोडलेला होता दुकानदाराच्या फोनला, खरे ॲप चालू होते त्या पालथ्या फोनवर, आणि त्या फोनचा पडदा जसाच्या तसा टॅबलेटवर उमटत होता. स्क्रीन मिररिंग. बऱ्याच नव्या फोनांत वायफाय जोडलेले असताना हॉटस्पॉटही चालू ठेवता येतो, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी जमते. चित्र खरोखर लाइव्ह होते, म्हणून तर हात हलवून पाहण्याचा उपयोग शून्य. किंचित उशीर होत होता, पण या कॅमेऱ्यांचे चित्र फोनवर थोडे मागे पडतेच. ज्याला हे ठाऊक आहे त्यालाच त्या उशिराचा संशय येत नाही! टॅबलेटवरचे ‘ॲप’ म्हणजे मिररिंगच्याच एका ॲपवर चिकटवलेले कॅमेऱ्याचे चिन्ह. खोक्यावर अँड्रॉइड १२ चा स्टिकर, आत अँड्रॉइड ५.१, म्हणजे २०१५ सालचे. प्ले स्टोअरमध्ये खरे क्विक शोधले तर हे उपकरण चालणार नाही असे स्पष्ट लिहून आले.

तेव्हा असले काही घ्यायचे असेल तर विकणाऱ्याला आपला फोन पूर्ण बंद करायला सांगा, मग टॅबलेट तुमच्या हाताने कॅमेऱ्याच्या वायफायला जोडा आणि ॲप प्ले स्टोअरवरूनच उतरवा. सिमवाले उपकरण असेल तर *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे उपकरणाचा ओळख क्रमांक काढा आणि दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर तपासा. तिथे ब्लॅकलिस्टेड, डुप्लिकेट किंवा आधीच वापरात असे आले तर हात लावू नका. आणि तुमचा कॅमेरा परक्या फोनला जोडला गेला असेल, तर घरी येऊन कॅमेऱ्याच्या सेटिंगमधून सगळी कनेक्शन्स रिसेट करा. त्याचा पासवर्ड त्या फोनात राहिलेला असतो.

मी फोन केला तर दुकानदार गोड बोलला. “पैसे परत करतां”, आणि व्हॉट्सॲपवर क्यूआर कोड पाठवला. स्कॅन करून पिन टाका, पैसे खात्यात येतील. यूपीआयमध्ये पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन टाकला की पैसे जातात. तो कोड मी उघडलाही नाही, स्क्रीनशॉट काढून ठेवला. दुसऱ्या दिवशीपासून त्याचा नंबर बंद, आणि दुकानात भलताच पोऱ्या बसलेला. त्याच्या मते मालक गावाला गेलेत आणि एकदा विकलेला माल परत घेत नाहीत.

हे वाक्य दुकानाच्या भिंतीवर रंगवले म्हणून कायदा होत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणे आणि सदोष माल परत घ्यायला नकार देणे, दोन्ही अनुचित व्यापार प्रथेत मोडतात. बिलावर मुदत दिली नसेल तर ती तीस दिवस धरली जाते. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली, क्यूआर कोडबद्दल १९३० वर सायबर तक्रार दिली. आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे जातो आहे. ई-जागृती पोर्टलवरून अर्ज घरबसल्या भरता येतो, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही.

माझ्याकडे पक्के बिल नाही, त्याने दिलेच नाही. पण यूपीआयची नोंद आहे, जाहिरात आहे, क्यूआर कोडसकट सगळी बोलणी आहेत. तुमच्याकडे असा टॅबलेट आला असेल तर रागाच्या भरात फॅक्टरी रिसेट करू नका. वायफायची यादी तशीच राहू द्या, तिचा फोटो काढून अर्जाला जोडा.