जीपीएस वेस्ट: १७ ते २० वयाच्या फुटबॉलपटूंसाठी घ्यावा का?

घ्यावा, पण सोबत एक साधी वहीही ठेवावी. वहीशिवाय ही खरेदी अर्धीच उपयोगाची.

हा वेस्ट म्हणजे अंगाला चिकटून बसणारं बिनबाह्यांचं बनियन. त्याच्या पाठीवर, दोन खवाट्यांच्या मधल्या खिशात काडेपेटीहून थोडी मोठी डबी बसते आणि ती उपग्रहांच्या आधारे धावेचं अंतर आणि वेग मोजते. बहुतेक यंत्रं सेकंदाला १० वेळा जागा नोंदवतात. लांब, एकसारख्या धावेचं अंतर बरंच अचूक येतं. ५-१० मीटरच्या झेपेत आणि झटक्यात वळताना चूक वाढते. डबी ड्रेसिंग रूममध्ये चालू करू नका. उघड्या आकाशाखाली १०-१५ मिनिटं आधी ठेवा, नाहीतर सुरुवातीची नोंद भरकटते. पत्र्याच्या स्टँडलगत एखाद्या पोराचा वेग ताशी ४० किलोमीटर दिसला, तर तो आकडा खोडा. वेस्ट अंगाला घट्ट हवा. सैल असला की डबी हलते आणि नसलेले धक्के मोजले जातात. डबीवर नंबर घाला आणि प्रत्येकाला कायम तीच डबी द्या, कारण दोन डब्यांचे आकडे तंतोतंत जुळत नाहीत.

खरी गफलत वेगाच्या पट्ट्यांत होते. ताशी १९.८ किलोमीटरच्या वर जोरदार धाव आणि २५.२ च्या वर स्प्रिंट, या रूढ मर्यादा प्रौढ खेळाडूंच्या आहेत. ज्याचा सर्वोच्च वेग २९ आहे, त्याच्यासाठी २५.२ म्हणजे ८७ टक्के. ३४ वाल्यासाठी जेमतेम ७४. पहिला पोरगा जीव तोडून पळतो आणि अहवालात आळशी ठरतो! म्हणून पट्ट्या प्रत्येकाच्या सर्वोच्च वेगाच्या टक्क्यांवर लावा.

याच आकड्यांतून एक मोठा फायदा मिळतो. आठवडाभर लहान मैदानावर ४ विरुद्ध ४ खेळवलं, तर थांबणं-वळणं भरपूर होतं, पण पूर्ण वेगाची धाव जवळपास शून्य. मग सामन्यात एकदम स्प्रिंट मारली की हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीमागचा स्नायू, धरते. सामन्याच्या दोन-तीन दिवस आधी ३०-४० मीटरच्या ४ ते ६ धावा, ९० टक्क्यांवर, मध्ये पूर्ण विश्रांती देऊन, एवढं सांभाळा.

आता वही. सराव संपल्यावर साधारण अर्ध्या तासाने विचारायचं, ० ते १० मध्ये किती कठीण गेलं? उत्तर गुणिले मिनिटं: ९० मिनिटं आणि ७ म्हणजे ६३०, हा त्या सरावाचा भार. एकेकट्याला विचारा. प्रशिक्षकासमोर संघातली जागा जाईल या भीतीने पोरं कमीच सांगतात. दोघेही ९ किलोमीटर पळाले, एक ५ म्हणतो, दुसरा ८. दुसऱ्याची झोप, ताप, परीक्षा तपासा. आपल्याकडच्या दमट हवेत हा फरक आणखी वाढतो.

ॲपमधल्या लाल-हिरव्या रंगांवर मात्र निर्णय सोपवू नका. चालू आठवड्याचा भार भागिले चार आठवड्यांची सरासरी, ०.८ ते १.३ सुरक्षित, हा रंगांमागचा हिशेब २०१६ नंतर फार पसरला. चालू आठवडा दोन्हीकडे मोजला जातो, म्हणून त्यावर रास्त टीका झाली आहे.

शिवाय क्लबबाहेरचं खेळणं क्लबच्या डबीत येत नाही. बार्सिलोना आणि स्पेनचा मिडफिल्डर पेद्री २०२०-२१ च्या हंगामात, अठराव्या वर्षी, क्लब आणि देश मिळून ७० हून जास्त सामने खेळला. युरो आणि टोकियो ऑलिंपिक एकाच उन्हाळ्यात. पुढच्या हंगामात मांडीच्या दुखापतीने त्याला बराच काळ बाहेर बसवलं. आपल्या पोरांचंही तेच: युवा लीग, वरिष्ठ संघ, संतोष ट्रॉफीचं शिबिर, सुट्टीत गावची स्पर्धा. ती सगळी मिनिटं दर सोमवारी विचारून वहीत उतरवा.

पैसे कमी असतील तर आधी विंगर आणि फुलबॅक, म्हणजे मैदानाच्या कडेने धावणाऱ्यांसाठी घ्या. गोलकीपरला सध्या नको. त्याच्या उड्या आणि झेपा हातानेच मोजा.