गॅलरीतली दोन ऑर्किड, चौदा महिन्यांनी

गेल्या वर्षी मे महिन्यात दोन रोपं आणली. फॅलेनॉप्सिस ऐन फुलात, ६५० रुपयांना. डेंड्रोबियमची नुसती चार कांडी, २५० ला. घरात कौतुक अर्थातच पहिल्याचं. आज डेंड्रोबियमला फुलांचा तिसरा दांडा आलाय आणि फॅलेनॉप्सिसची कुंडी रिकामी आहे.

चूक माझी, पण अर्धी नर्सरीवाल्याचीही. "रोज थोडं पाणी घाला" म्हणाला. मुळांभोवती मॉस (पाणी धरून ठेवणारं शेवाळ) गच्च आवळलेलं होतं, हे जुलैत कुजका वास आल्यावर कळलं. तसंही फॅलेनॉप्सिसला दांडा धरायला काही आठवडे रात्रीचा गारवा लागतो, साधारण २५ अंशांच्या खाली. आमच्या डोंबिवलीत तो थंडीतच, मिळाला तर. पुणे-नाशिककरांनी खुशाल आणावं.

डेंड्रोबियमला मात्र आपला उकाडा मानवतो. ते मातीत लावायचं नाही, हे आईला पटवण्यातच दोन दिवस गेले. ("मग काय हवेवर जगणार?" जवळजवळ तसंच, आई.) भरपूर भोकांची कुंडी, तळाला विटांचे तुकडे, वर सुपारीएवढा लाकडी कोळसा, कडेने थोडी नारळाची शेंडी. कोळसा इस्त्रीवाल्याने फुकट दिला. रात्रभर भिजवून धुवून घ्या, नाहीतर गॅलरीची फरशी काळी होते आणि बोलणी खावी लागतात.

पाणी कधी घालायचं ते मुळंच सांगतात. कोरडी असली की चंदेरी-पांढरी, भिजली की हिरवी. पांढरी दिसली की सकाळी भरपूर पाणी, खालून निथळेपर्यंत. एप्रिल-मेमध्ये रोज, पावसाळ्यात कुंडी पत्र्याखाली ओढायची आणि चार-पाच दिवस तिच्याकडे बघायचं नाही. रविवारी १९:१९:१९ हे विरघळणारं खत, लिटरभर पाण्याला अर्धा ग्रॅम. ऊन पूर्वेचं, दहानंतर हिरवी जाळी.

ऑक्टोबरात पहिला दांडा आला. नऊ जांभळी फुलं, सहा आठवडे टिकली.

त्रास गोगलगायींचा. कोवळ्या मुळांची टोकं एका रात्रीत फस्त. टॉर्च घेऊन वेचण्याला पर्याय सापडला नाही. पिठ्या ढेकूण (कापसासारखी पांढरी कीड) स्पिरिटच्या बोळ्याने पुसला की जातो. आणि पानं गळालेलं एक जुनं कांडं मी वाळलं समजून छाटलं, ते अजून सलतं. त्यात झाडाचा पाण्याचा साठा असतो, शिवाय त्याच टोकाला पुन्हा दांडा येऊ शकतो.

उरलेल्या एका जुन्या कांड्यावर आता अधांतरी पिल्लू, म्हणजे नवं रोपटं, फुटलंय. मुळं दोन इंच झाली की वेगळं करणार. शेजारच्या काकूंनी नंबर लावून ठेवलाय.