हंगामभर न थांबणारा सर्व्हर आणि मेमरीचे तुकडे: कोणता उपाय कुणासाठी?

चिकोडी, अथणी, हुक्केरी भागातल्या साखर कारखान्यात एकदा गाळप सुरू झालं की वजनकाट्याचा आणि शेतकऱ्यांच्या बिलांचा सर्व्हर हंगाम संपेपर्यंत कुणी बंद करू देत नाही. काटा थांबला की बाहेर ट्रॅक्टरांची रांग लागते. अशा महिनोन्‌महिने चालू राहणाऱ्या लिनक्स मशीनवर हळूहळू एक दुखणं उभं राहतं. रॅम शिल्लक दिसते, तरी कामं मधूनच अडखळतात, किंवा लॉगमध्ये 'पेज अलोकेशन फेल्युअर' ही ओळ येते आणि तिच्यापुढे ऑर्डर ४, ऑर्डर ५ असा आकडा असतो. मेमरी आहे, पण सलग नाही.

कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, मेमरीचा हिशेब ४ केबीच्या पानांत ठेवतो आणि १, २, ४, ८ असे दुप्पट होत जाणारे गट बांधतो. ऑर्डर ० म्हणजे एक पान, ऑर्डर ९ म्हणजे ५१२ पानं, म्हणजे २ एमबी, आणि ऑर्डर १० म्हणजे ४ एमबी. ही 'बडी' (जोडीदार) पद्धत केनेथ नोल्टन यांनी १९६५ मध्ये मांडली. जोडीतले दोन्ही अर्धे रिकामे असले तरच ते एकत्र होतात. कारखान्याच्या यार्डात आठ-दहा बैलगाड्या जिथे जागा मिळेल तिथे सोडल्या, की निम्मं यार्ड मोकळं असूनही दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर आत घेता येत नाही. इथेही तसंच आहे. जागेवरून न हलणारं एक पान मध्ये अडकलं की त्याच्या भोवतीचा २ एमबीचा गट तयार होत नाही.

उपाय निवडण्याआधी 'प्रॉक' फोल्डरमधली 'बडीइन्फो' ही फाइल उघडा. प्रत्येक झोनच्या (मेमरीच्या विभागाच्या) ओळीत मोकळ्या गटांचे आकडे असतात, डावीकडे लहान गट, उजवीकडे मोठे. डावीकडे हजारो आणि उजवीकडे शून्य दिसलं तर दुखणं फ्रॅगमेंटेशनचं, म्हणजे मेमरीचे तुकडे पडल्याचं आहे. सगळेच आकडे तोकडे असतील तर बहुधा मेमरीच कमी पडते आहे. तिथे यातला कुठलाही उपाय लागू पडत नाही, रॅम वाढवावी लागेल. त्याच फोल्डरातल्या 'व्हीएमस्टॅट' मध्ये 'कॉम्पॅक्ट स्टॉल' (सलग जागेसाठी प्रोसेसना किती वेळा थांबावं लागलं) आणि 'टीएचपी फॉल्ट फॉलबॅक' (मोठ्या पानाऐवजी लहानांवर किती वेळा भागवावं लागलं) हे आकडे तासाभराच्या अंतराने दोनदा पाहा. महत्त्व आकड्याला नाही, तो किती वेगाने वाढतो याला आहे.

काही जणांनी इथेच थांबलेलं बरं. गावातल्या पतसंस्थेचा सर्व्हर संध्याकाळी बंद होत असेल, किंवा खानापूरकडे पावसाळ्यात लाइट गेली की मशीन तशीही बंद पडत असेल, तर प्रत्येक वेळी मेमरी नव्याने सुरू होते आणि तुकडे साचायला वेळच मिळत नाही. शिवाय साध्या प्रोग्रामला सलग मेमरी लागत नाही. पेज टेबल हा कर्नलचा तक्ता विखुरलेली पानं त्याला सलग करून दाखवतो. मूळ कर्नलही स्वस्थ बसलेला नसतो. कर्नल विकासक मेल गॉर्मन यांचं काम कर्नलच्या २.६.२४ आवृत्तीत, म्हणजे २००८ च्या जानेवारीत आलं, तेव्हापासून हलवता येणारी, परत मिळवता येणारी आणि न हलणारी पानं शक्यतो वेगवेगळ्या ब्लॉकमध्ये ठेवली जातात. ५.० पासून ही सरमिसळ होऊ लागली की कर्नल नेहमीपेक्षा जास्त पानं मोकळी करून ठेवतो. त्या सेटिंगचं नाव 'वॉटरमार्क बूस्ट फॅक्टर', मूळ किंमत १५०००. ती तशीच राहू द्या.

निवडीचा खरा प्रश्न ज्यांना पडतो त्यांच्यासमोर मुख्यतः दोन वाटा असतात. मोठी, म्हणजे २ एमबीची, पानं आधीच राखून ठेवायची, किंवा ट्रान्सपरंट ह्यूज पेजेस (टीएचपी, म्हणजे कर्नलने आपणहून मोठी पानं देणं) आणि कॉम्पॅक्शनवर (पानं सरकवून सलग जागा करणं) सोपवायचं.

राखीव पानांचा तोटा सगळ्यांना लगेच दिसतो. राखलेली मेमरी दुसऱ्या कुणाला वापरता येत नाही आणि ती स्वॅपमध्येही (डिस्कवरच्या तात्पुरत्या जागेत) जात नाही. फायदा मात्र बहुतेकांच्या लक्षात येत नाही, म्हणून पोस्टग्रेस या डेटाबेसचा हिशेब मांडतो. शेअर्ड बफर, म्हणजे त्याच्या सगळ्या प्रोसेसनी मिळून वापरायची मेमरी, ८ जीबी धरा. ४ केबीच्या पानांत ती सुमारे २१ लाख पानं होतात. प्रत्येक पानाला पेज टेबलमध्ये ८ बाइटची नोंद लागते, म्हणजे सगळा बफर वापरणाऱ्या एका प्रोसेसला १६ एमबीचं पेज टेबल. पोस्टग्रेस प्रत्येक कनेक्शनला वेगळी प्रोसेस देतो. शंभर कनेक्शननी सगळा बफर हाताळला तर नुसत्या पेज टेबलांतच १.६ जीबी जाते. आणि पेज टेबलांची पानं न हलणाऱ्या जातीची असतात, म्हणजे सलग मेमरीच्या वाटेत तीच अडकतात. हाच बफर २ एमबीच्या पानांवर ठेवला तर नोंदी ४०९६ होतात आणि एका प्रोसेसचा खर्च ३२ केबीवर येतो. पानं राखली की सलग जागा मिळतेच, शिवाय मेमरीचे तुकडे करणाऱ्या पानांचा एक मोठा स्रोत बंद होतो. माझ्या मते राखीव पानांच्या बाजूने एवढं एकच कारण पुरेसं आहे.

दुसरी वाट इथे उपयोगाची का नाही, हेही पाहू. ट्रान्सपरंट ह्यूज पेजेस २.६.३८ मध्ये, २०११ साली आली. प्रोग्रामने न मागता कर्नल त्याला २ एमबीचं पान देतो. पण हा नियम प्रोसेसच्या खाजगी मेमरीला लागतो. शेअर्ड मेमरीसाठी वेगळं सेटिंग आहे आणि ते सहसा बंद असतं. पोस्टग्रेसचा बफर शेअर्ड असतो. त्यामुळे 'टीएचपी चालू आहे, आता काळजी नाही' म्हणणाऱ्याच्या डेटाबेसच्या मुख्य भागाला त्यातून काहीच मिळत नाही. ओरॅकल डेटाबेस असेल तर ती कंपनीच टीएचपी सरसकट चालू न ठेवता राखीव पानं वापरायला सांगते. त्यात 'मेमरी टार्गेट' हे आपोआप मेमरी वाटणारं सेटिंग मात्र चालत नाही, ते आधी काढावं लागतं. रेडिस हा डेटाबेस बनवणारे टीएचपी बंदच ठेवायला सांगतात, कारण फोर्कनंतर (प्रोसेसने स्वतःची प्रत काढल्यावर) एक बाइट बदलला तरी अख्खं २ एमबीचं पान कॉपी होऊ शकतं.

याउलट बेळगावच्या एखाद्या इंजिनीअरिंग कॉलेजच्या लॅबमधला केव्हीएमचा होस्ट, म्हणजे अनेक व्हर्च्युअल मशीन चालवणारा सर्व्हर, घ्या. सकाळी दहा व्हर्च्युअल मशीन, दुपारी तीस, परीक्षेत आणखी वेगळी संख्या. इथे पानं राखली तर एक तर जास्त अडकून पडतील किंवा ऐनवेळी कमी पडतील. गेस्टची (आतल्या व्हर्च्युअल मशीनची) मेमरी साधारणपणे खाजगी असते आणि ते चालवणारा क्यूईमू प्रोग्राम स्वतःच तिच्यासाठी मोठी पानं मागतो. त्यामुळे टीएचपी 'मॅडव्हाइज' वर (जो मागेल त्यालाच मोठं पान) ठेवा आणि 'डीफ्रॅग' हे सेटिंग 'डिफर प्लस मॅडव्हाइज' वर. ज्याने मोठं पान मागितलं तोच थांबतो, बाकीच्यांना त्यासाठी ताटकळावं लागत नाही.

मोठ्या पानासाठी सलग जागा करण्याच्या कामाचं नाव कॉम्पॅक्शन. हेही मेल गॉर्मन यांचंच, २.६.३५ मध्ये आलेलं. झोनच्या खालच्या टोकाकडून एक स्कॅनर हलवण्याजोगी पानं शोधत वर येतो, वरच्या टोकाकडून दुसरा रिकामी पानं शोधत खाली येतो, आणि ते भेटेपर्यंत पानं वर नेली जातात. अडचण वेळेची आहे. मागणी आल्यावर हे सुरू झालं तर मागणाऱ्याला ताटकळावं लागतं, 'कॉम्पॅक्ट स्टॉल' चा आकडा तोच. म्हणून ५.९ मध्ये, २०२० साली, आधीच थोडं थोडं आवरून ठेवणारं प्रोॲक्टिव्ह कॉम्पॅक्शन आलं. त्याची तीव्रता ० ते १००, मूळ किंमत २०. लॅबच्या होस्टवर ती थोडी वाढवून पाहायला हरकत नाही. १०० वर नेऊ नका. पानं हलवताना ज्यांचा संबंध नाही अशा प्रोसेसही थबकतात, आणि मुलांच्या परीक्षेत तो थबकलेला क्षण महागात पडतो.

झोन मूव्हेबल हा तिसरा उपाय चालू होतानाच मेमरीचा एक भाग फक्त हलवता येणाऱ्या पानांसाठी बाजूला काढतो. हमी मोठी, पण तो भाग फार मोठा ठेवला तर कर्नलला स्वतःच्या कामासाठी जागा उरत नाही आणि मोकळी मेमरी असताना प्रोसेस मारल्या जातात. रॅम चालू मशीनमधून काढायची-घालायची नसेल तर याच्या वाटेला जाऊ नका. सीएमए, म्हणजे ड्रायव्हरसाठी सलग मेमरी राखणारी सोय, हा वेगळ्या गरजेचा उपाय आहे. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत एखाद्या फाउंड्रीने कास्टिंग तपासायला छोट्या बोर्डावर कॅमेरा बसवला असेल, आणि त्याच्या ड्रायव्हरला सलग बफर हवा असेल, तर बूटच्या ओळीत (मशीन सुरू होताना कर्नलला दिलेल्या सूचनांत) सीएमएचा आकार वाढवणं हेच योग्य. कॅमेरा बंद असताना ती जागा हलवता येणाऱ्या पानांना वापरता येते.

एक सवय मात्र मोडायला हवी. दर तासाला क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप) 'ड्रॉप कॅशेस' ही कॅश रिकामी करणारी आज्ञा चालवणारे सर्व्हर अजून दिसतात. कॅशची पानं सगळीकडे विखुरलेली असतात, ती काढून विखुरलेली भोकंच पडतात, आणि नंतर सगळं पुन्हा डिस्कवरून वाचावं लागतं. मोठं व्हर्च्युअल मशीन सुरू करण्याआधी एकदा हे करून लगेच 'कॉम्पॅक्ट मेमरी' चालवणं समजण्यासारखं आहे. रोजचं औषध म्हणून नाही.

काट्याच्या सर्व्हरसाठी माझा सल्ला स्पष्ट आहे: पानं राखा, आणि तीही हंगामाआधी, मशीन बंद करण्याची मुभा असते तेव्हा. पोस्टग्रेस १५ किंवा पुढचा असेल तर 'शेअर्ड मेमरी साइझ इन ह्यूज पेजेस' हा पॅरामीटर किती पानं लागतील ते नेमकं सांगतो. तो आकडा थोडा वाढवून बूटच्या ओळीत घाला. चालू मशीनवर नंतर मागितली तर तुकडे पडलेल्या मेमरीतून जेवढी जमतील तेवढीच मिळतात, आणि कमी मिळाली तरी एरर येत नाही. १ जीबीची पानं हवी असतील तर बूटची ओळ आणखीच गरजेची, कारण तो आकार ऑर्डर १० च्या फार पलीकडचा आहे. पोस्टग्रेसमध्ये 'ह्यूज पेजेस' चाचणीपुरतं 'ऑन' ठेवा, म्हणजे पानं कमी पडली तर तो सुरूच होणार नाही आणि चूक लगेच कळेल. चाचणी झाली की 'ट्राय' वर आणा. रात्री दोनला मशीन रीस्टार्ट झालं आणि रांगेत उसाच्या गाड्या उभ्या असल्या, तर हळू चालणारा डेटाबेस न चालणाऱ्यापेक्षा कधीही बरा. दुसऱ्या दिवशी 'प्रॉक' मधल्या 'मेमइन्फो' फाइलमध्ये ह्यूज पेजेसचा एकूण आकडा मागितल्याइतका आहे का आणि त्यातली किती पानं वापरात आली, हे मात्र बघून घ्या.