सोनेरी रंगाच्या फाइल्स

रूट कॅनाल करताना दाताच्या मुळातली बारीक नळी, म्हणजे कॅनाल, आम्ही सुईसारख्या धातूच्या फाइलने साफ करतो. ती फाइल तुटली तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही. फाइल फिरवणारा एंडोमोटर चालू होता, मी फाइल बाहेर काढली आणि ती आखूड दिसली. खालची पहिली दाढ, तिच्या पुढच्या मुळातला वाकडा कॅनाल. एक्स-रेत मुळाच्या टोकाशी 3 मिलिमीटरचा तुकडा अडकलेला दिसला. त्या फाइलचा हा दुसराच वापर होता.

त्या दिवशी मी दोष स्वतःच्या हाताला दिला. 17 वर्षांची प्रॅक्टिस, तरी वाटलं, 10 नंबरच्या हातफाइलने कॅनाल आधी पुरेसा मोकळा केला नसेल, जोर जास्त लागला असेल. कुठलाही दंतवैद्य हेच म्हणेल, कारण अस्सल फाइलही कधीतरी तुटतेच. निकेल-टायटॅनियमची फाइल वाकड्या कॅनालमध्ये फिरताना प्रत्येक फेऱ्याला वळणावर एकदा ताणली जाते, एकदा दाबली जाते. मिनिटाला 300 फेरे धरले तर अर्ध्या मिनिटात 150 वेळा. धातू असा आतल्या आत थकतो आणि बाहेरून काही कळत नाही. टोक अडकून मोटर फिरत राहिली तर पिळवटूनही फाइल तुटते, पण तेव्हा निदान उलगडलेले पीळ भिंगाखाली दिसतात. नकली माल विकणाऱ्याचं यामुळेच फावतं. फाइल तुटली म्हणून तक्रार कोण करणार? आपलंच चुकलं असं समजून जो तो गप्प बसतो.

दहा दिवसांनी दुसरी तुटली. पहिल्याच वापरात, तीही बऱ्यापैकी सरळ कॅनालमध्ये. तेव्हा मात्र मी फाइल्सची पाकिटं काढून टेबलावर मांडली.

दिवाळीच्या आधी एक जण क्लिनिकवर आला होता. ओळखीच्या दोन डॉक्टरांची नावं घेतली. "मॅडम, माल कंपनीचाच आहे, डीलरला स्टॉक मोकळा करायचाय." नेहमीच्या डीलरपेक्षा जवळपास निम्मा भाव. मी या फाइल्सची 10 पाकिटं घेतली, पैसे त्याच्या मोबाइल नंबरवर यूपीआयने दिले. बिल संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर आलं, ते मी उघडूनही पाहिलं नाही. आता पाहिलं तर पत्ता पुण्याचा आणि जीएसटी नंबर 07 ने सुरू होणारा. महाराष्ट्राचा नंबर 27 ने सुरू होतो, 07 म्हणजे दिल्ली. जीएसटीच्या पोर्टलवर तो नंबर टाकला तर भलत्याच धंद्याचं नाव आलं.

मग जुन्या पाकिटातली अस्सल फाइल शेजारी ठेवली. अस्सल सोनेरी फाइल्सवर कारखान्यात उष्णतेची प्रक्रिया झालेली असते. बोटाने वाकवली की अस्सल फाइल बरीचशी वाकलेलीच राहते, ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रातून काढली की पुन्हा सरळ होते. त्याच प्रक्रियेमुळे ती वळणात जास्त टिकते. नवी फाइल वाकवून सोडली तर झटकन सरळ झाली. अस्सल फाइलचा सोनेरी रंग त्या प्रक्रियेत धातूवर आपोआप चढतो, आम्ही डोळ्यांनी तेवढाच ओळखतो, आणि तेवढाच नकली माल बनवणाऱ्यांनी चढवला होता. पाकिटावर आयातदाराचं नाव नाही, आयात परवान्याचा क्रमांकही नाही. परदेशी बनावटीच्या वस्तूवर 2017 च्या वैद्यकीय उपकरण नियमांनुसार हे दोन्ही लागतं. बॅच नंबर कंपनीला कळवला, तर उत्तर आलं की ही बॅच आमची नाही.

फाइल तुटल्याचं दोन्ही पेशंटना मी त्याच दिवशी एक्स-रे दाखवून सांगितलं होतं. माल नकली होता हे कळल्यावर फोन करून तेही सांगितलं. पहिल्या पेशंट शाळेत शिकवतात. त्यांना कोल्हापूरच्या रूट कॅनाल तज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी दोन बैठकांत बारीक हातफाइलने तुकड्याच्या बाजूने वाट काढून कॅनाल भरला. फी मी भरली. बाई रागावल्या नाहीत, आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला. दुसऱ्या पेशंटचा तुकडा आतच आहे. तुटण्याआधी कॅनाल बहुतेक स्वच्छ झाला होता, म्हणून तुकड्यासकट भरून लक्ष ठेवायचं ठरवलं.

अन्न व औषध प्रशासनाकडे फोटो, बिल आणि बॅच नंबरसह तक्रार दिली आहे. त्या माणसाचा फोन बंद आहे. उरलेली 8 पाकिटं सील करून ठेवली आहेत. अशा निम्म्या भावाच्या सोनेरी फाइल्स तुमच्याकडे असतील तर उद्याचा पेशंट घेण्याआधी एक वाकवून बघा. माझ्या दुसऱ्या पेशंटचा पुढचा एक्स-रे मार्चमध्ये आहे.