बडोद्याहून मॉरिशस: खारकच्छ, डोह आणि एका राखीव बेटाच्या सहलीचा अभिप्राय

गेल्या दिवाळीनंतर आम्ही चौघे, म्हणजे मी, माझे यजमान, अकरा वर्षांचा मुलगा आणि सत्तरीच्या सासूबाई, बडोद्यातील एका सहल कंपनीच्या सात दिवसांच्या कार्यक्रमातून मॉरिशसला जाऊन आलो. विमान, निवास आणि जेवण यांविषयी माझी फारशी तक्रार नाही. मुंबईहून थेट विमान मिळाले, भारतीय पर्यटकांना व्हिसाची आगाऊ खटपट करावी लागत नाही आणि शाकाहारी जेवण सर्वत्र मिळते. रस्त्यावर मिळणारी डाळपुरी तर सासूबाईंना इतकी आवडली, की दोन दिवस त्यांनी हॉटेलच्या जेवणाकडे पाहिलेही नाही. हा अभिप्राय मात्र कार्यक्रमातील पाण्याच्या आणि जंगलाच्या ठिकाणांपुरताच आहे, कारण आम्ही त्यांच्यासाठीच पैसे भरले होते आणि त्यांच्या बाबतीत चांगले-वाईट दोन्ही अनुभव आले.

आम्ही बडोदेकर नदीकाठी राहूनही नदीत पोहत नाही. विश्वामित्रीत मगरी आहेत, २०२४ च्या पुरात त्या थेट वस्त्यांमध्ये आल्या होत्या, आणि ‘पाण्याजवळ जाऊ नकोस’ हे वाक्य ऐकतच इथली मुले मोठी होतात. आमच्या घरी सर्वांचे पोहणे महापालिकेच्या लालबाग तरणतलावातले आहे. त्यामुळे उघड्या, वाहत्या, खाली तळ दिसणाऱ्या पाण्यात उतरायला मिळणार, याचे अप्रूप मुलापेक्षा मलाच जास्त होते.

पहिले ठिकाण ब्लू बे. शाळेच्या भूगोलात ‘खारकच्छ’ हा शब्द आपण पाठ करतो. तो शब्द डोळ्यांसमोर उभा राहायला इथे यावे लागले. मॉरिशसच्या बहुतेक किनाऱ्याला प्रवाळभित्तीचे कडे आहे. समुद्राच्या लाटा दूरवर त्या कड्यावर फुटतात आणि आतल्या बाजूला उथळ, निवांत, फिकट निळे पाणी उरते, त्यालाच तिथे लगून म्हणतात. ब्लू बेचे ३५३ हेक्टरचे क्षेत्र २००० साली सागरी उद्यान म्हणून घोषित झाले आणि २००८ मध्ये त्याला रामसर या आंतरराष्ट्रीय कराराखालील पाणथळ क्षेत्राचा दर्जा मिळाला. पोहण्यासाठीचा भाग दोर आणि तरंगत्या बोयांनी आखलेला आहे, आणि त्याबाहेर होड्यांची ये-जा असते. पाण्याखाली पाहायचा काचेचा मुखवटा लावून मी पाण्यात डोके घातले तेव्हा रंगांच्या आधी कानांवर एक आवाज आला, कोणी सुपारी कातरत बसावे तशी सतत कटकट. पोपटमासे आपल्या चोचीसारख्या दातांनी प्रवाळावरचे शेवाळ खरवडून खात होते. त्या खरवडण्यात खडकाचाही चुरा होतो, तो माशाच्या पोटातून जाऊन पांढरी वाळू होऊन बाहेर पडतो, आणि किनाऱ्यावर आपण ज्या वाळूवर टॉवेल पसरतो तिच्यात या वाळूचाही वाटा असतो. अक्रोडाच्या गरासारख्या वळ्यांचा एक मोठा गोलाकार प्रवाळ मी कितीतरी वेळ वरून पाहत राहिले. त्याच्या प्रत्येक वळीत हिरवट-तपकिरी जीव होता.

पण सगळेच प्रवाळ असे नाहीत, आणि हे आधी सांगायला हवे, नाहीतर जाहिरातीतली छायाचित्रे पाहून गेलेल्या माणसाची निराशा होते. पाणी बरेच दिवस नेहमीपेक्षा गरम राहिले, की प्रवाळ आपल्या पेशींत राहणारे सूक्ष्म शैवाल बाहेर टाकते आणि पांढरे पडते. पाणी लवकर निवले नाही तर ते उपाशी मरते. हिंदी महासागरात १९९८ आणि २०१६ साली हे मोठ्या प्रमाणावर घडले. ब्लू बेमध्येही जिवंत प्रवाळाला लागून राखाडी, मोडके, शेवाळाने झाकलेले तुकडे दिसतात. म्हणूनच आमच्या होडीवर जे घडले ते मला फार खटकले. काचेच्या तळाच्या होडीतून पाऊण तास फिरवणे हा आमच्या कार्यक्रमाचा भाग होता. होडीवाल्याने सर्वांच्या हातात पावाचे तुकडे दिले आणि ते माशांना टाकायला सांगितले, म्हणजे मासे वर येतील आणि छायाचित्रे चांगली निघतील. त्यावर सासूबाई शांतपणे म्हणाल्या, “कमाटीबागेत माकडांना काही घालू नका असं लिहिलेलं असतं, मग यांना का घालायचं?” आणि त्यांनी पाव परत केला. शेवाळ खाऊन प्रवाळ मोकळे ठेवणे हे ज्या माशांचे काम, ते पावासाठी होडीभोवती घोटाळू लागले तर ते काम कोण करणार? शिवाय भाड्याने दिलेल्या मुखवट्यांपैकी दोनांचे रबर विरले होते आणि सासूबाईंना मापाचे जीवरक्षक जाकीट नव्हते. या तिन्ही गोष्टी मी सहल कंपनीला लेखी कळवल्या आहेत.

आता इल ओ एग्रेत बेटाविषयी, कारण सगळ्या सहलीत हे एक ठिकाण असे होते की केवळ त्याच्यासाठी मी पुन्हा जाईन. हे बेट आमच्या मूळ कार्यक्रमात नव्हते. एक मोकळी दुपार होती, ती आम्ही स्वतःच्या खर्चाने इथे घालवली. माएबूर गावाजवळच्या प्वान्त जेरोम या धक्क्यावरून होडी सुटते आणि किलोमीटरभरही अंतर न कापता अवघ्या २६ हेक्टरच्या, चुनखडीच्या, सपाट बेटावर पोचते. १९६५ पासून हे बेट राखीव आहे आणि मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशन ही संस्था त्याची देखभाल करते. मार्गदर्शकाशिवाय फिरता येत नाही, आखलेली वाट सोडता येत नाही, खाण्याचे पदार्थ नेता येत नाहीत आणि समुद्र चारी बाजूंना असूनही ही फेरी पोहण्यासाठी नसते. मुलाचे तोंड आधी जरा उतरले होते. दीड तासानंतर तोच मार्गदर्शकाला सोडायला तयार नव्हता.

मॉरिशसच्या सखल किनारपट्टीवर माणूस येण्यापूर्वी जे जंगल होते, त्याचा अगदी लहानसा तुकडा इथे उरला आहे, आणि उरलेल्यात गेलेले परत आणण्याचे काम इथे चालते. सतराव्या शतकात डच लोकांनी काळ्या गाभ्याच्या आबनूस लाकडासाठी मॉरिशसची जंगले तोडली, त्यांच्याबरोबर आलेल्या उंदीर, डुकरे, माकडांनी अंडी आणि पिल्ले खाल्ली, आणि डोडो पक्षी त्याच शतकात संपला, हे आपल्याला थोडेफार माहीत असते. डोडोबरोबर तिथली मोठी कासवेही नाहीशी झाली, हे मला माहीत नव्हते. त्यांच्या जाण्याने झाडांचेही नुकसान झाले, कारण आबनुसाची फळे खाऊन त्यांच्या बिया दूरवर नेऊन टाकणारे दुसरे कोणी उरले नाही. म्हणून सेशेल्समधल्या अल्डाब्राची महाकाय कासवे इथे सोडली. वाटेच्या कडेला असेच एक कासव आम्हाला भेटले. ते आमच्याकडे ढुंकूनही न पाहता पडलेली पाने एकेक करून ओढत होते आणि प्रत्येक घासाला मानेची सुरकुतलेली कातडी जुन्या चामडी पखालीसारखी ताणून पुन्हा सैल होत होती. मार्गदर्शकाने त्याच्या मागे पडलेल्या वाळलेल्या विष्ठेकडे बोट दाखवले आणि त्याच्या पलीकडे उगवलेल्या, वीतभरही नसलेल्या आबनुसाच्या रोपांकडे. कासवाच्या पोटातून गेलेले बी अधिक चांगले रुजते, असे त्याने सांगितले. ती रोपे पाहण्यासाठी आम्ही सगळे वाकलो, आणि त्याच वेळी पानांतून टेल्फेअर जातीची एक भलीमोठी सापसुरळी येऊन मुलाच्या बुटाची लेस चाटून निघून गेली. ही जात मुख्य बेटावरून नामशेष झालेली, फक्त राऊंड आयलंड नावाच्या एका बेटावर उरलेली होती; तिथून ती इथे आणली.

गुलाबी कबूतर आम्हाला दोनदा दिसले. आमच्या रावपुऱ्यातल्या जुन्या घराच्या वळचणीला पारवे इतके होते की कबूतर पाहण्यासाठी समुद्र ओलांडून जावे, ही कल्पनाच मला आधी विचित्र वाटली होती. हे कबूतर फिकट गुलाबी अंगाचे, तपकिरी पंखांचे, विटकरी शेपटीचे आहे, आणि त्याच्या पायात रंगीत कडी असतात, ज्यांवरून प्रत्येक पक्ष्याची वेगळी नोंद ठेवली जाते. १९९० च्या सुमारास जंगलात असे जेमतेम दहा पक्षी उरले होते. आता ते काही शेकड्यांत आहेत. मॉरिशसचा खरूची, म्हणजे तिथला लहान ससाणा, १९७४ साली चारवर आला होता. १९७९ मध्ये तिथे गेलेले जीवशास्त्रज्ञ कार्ल जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंडी उबवून, पिल्ले हाताने वाढवून, त्यांना पुन्हा जंगलात सोडून हे पक्षी वाचवले.

परतीच्या होडीत मार्गदर्शकाने समोरच्या प्रवाळभित्तीकडे हात केला. २५ जुलै २०२० रोजी ‘वाकाशियो’ हे मालवाहू जहाज तिथे आदळले आणि ऑगस्टमध्ये त्यातून सुमारे १००० टन तेल या पाण्यात पसरले. बेटावरची काही पाखरे आणि रोपवाटिकेतली रोपे घाईघाईने मुख्य बेटावर हलवावी लागली. माएबूरच्या लोकांनी कापडाच्या लांब नळ्या शिवल्या, त्यांत उसाचे पाचट भरले आणि तेल अडवण्यासाठी त्या पाण्यात सोडल्या. पुढे गाडीत पाचट हा शब्द मी यजमानांना समजावला तेव्हा आमच्या गाडीचा चालक, ज्याचे पूर्वज रत्नागिरीकडून ऊसमळ्यांवर मजुरीला गेलेले, मागे वळून हसला. त्याला मराठी बोलता येत नव्हते, पण गणपतीत त्यांच्याकडे झाकरी नावाचा नाच होतो, हे त्याने अभिमानाने सांगितले.

पोहण्याचा खरा आनंद मात्र गोड्या पाण्यात मिळाला. हेनरिएटा गावाजवळ टॅमरिंड फॉल्स, ज्याला तिथे ‘सेट कास्काद’ म्हणजे सात धबधबे म्हणतात, तिथे एकाखाली एक डोह आहेत. वाट निसरडी आहे, मुळांना धरून उतरावे लागते, म्हणून सासूबाई वरूनच दृश्य पाहून परतल्या आणि तेच योग्य झाले. आम्ही स्थानिक वाटाड्या घेतला होता आणि तो घेतल्याशिवाय कोणीही उतरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मुलाला खडकावरून उडी मारायची होती. वाटाड्याने त्याला थांबवले, स्वतः आधी पाण्यात उतरला, बुडी मारून तळ चाचपला, एका बाजूला खडक आहे असे दाखवले आणि मगच दुसऱ्या बाजूने उडी मारू दिली. वर डोंगरात पाऊस झाला तर इथे ऊन असतानाही पाणी अचानक वाढते. पाणी गढूळ होऊ लागले की कोणाची वाट न पाहता बाहेर यायचे, हे त्याने पाण्यात उतरण्यापूर्वीच दोनदा बजावले. पाणी थंडगार होते, आणि पाठीवर पडणाऱ्या धारेखाली उभे राहिल्यावर आपल्याला नदीची भीती का वाटत होती, हे घटकाभर मला आठवेना. जानेवारी ते मार्च हा तिथला पावसाचा आणि चक्रीवादळांचा काळ, तेव्हा मात्र इथे जाऊ नये.

बाकीच्या ठिकाणांविषयी थोडक्यात. १९९४ साली घोषित झालेल्या ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यानात आम्हाला केवळ निरीक्षणस्थळी वीस मिनिटे थांबवले. दऱ्या सुंदर आहेत, पण वीस मिनिटांत जंगल कळत नाही. दक्षिणेला ग्री ग्री येथे प्रवाळभित्तीच नाही, त्यामुळे लाटा सरळ कड्यावर आदळतात. तिथे पाहावे, पाण्यात जाऊ नये. इल ओ सेर्फ या बेटाच्या दिवसभराच्या नौकासफरीत संगीत इतके मोठे होते की समुद्र ऐकू आला नाही.

जाणाऱ्यांसाठी दोन-तीन गोष्टी. बहुतेक कंपन्या मुक्काम उत्तरेला ग्रां बे किंवा पश्चिमेला देतात. विमानतळ, ब्लू बे आणि इल ओ एग्रेत तिन्ही आग्नेय किनाऱ्याला जवळजवळ आहेत, म्हणून किमान दोन रात्री माएबूरच्या बाजूला मागून घ्याव्यात. आमचे रोजचे अडीच-तीन तास गाडीत गेले. पाण्यात घालायचे रबरी बूट इथूनच न्यावेत, कारण तळाशी समुद्री साळू आणि दगडासारखा दिसणारा विषारी मासा असू शकतो. अंगाला क्रीम फासण्याऐवजी पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा सदरा घालावा, त्याने ऊनही लागत नाही आणि प्रवाळावर काही उतरतही नाही. मुखवटा स्वतःच्या मापाचा विकत घ्यावा.

कंपनीला पाचपैकी मी तीन गुण देते, आणि त्यातला एक केवळ मोकळ्या दुपारीसाठी. त्यांच्या कार्यालयात जाऊन मी सुचवले आहे की इल ओ सेर्फचा दिवस ऐच्छिक करावा, इल ओ एग्रेत मूळ कार्यक्रमात घ्यावे, आणि पाव देणाऱ्या होडीवाल्याशी करार ठेवू नये. पहिल्या दोन सूचना त्यांनी लिहून घेतल्या. तिसरीवर ‘पर्यटकांनाच ते आवडते’ असे उत्तर मिळाले. पुढच्या दिवाळीत या कंपनीबरोबर जाणाऱ्या बडोदेकरांनी आरक्षणाच्या वेळीच आम्हाला पाव नको, असे लेखी सांगावे, एवढी माझी विनंती आहे.