सज्जनगड की कन्याकुमारी? निवृत्तीनंतर दोघांनी सेवेला जायचं तर

निवृत्त झाल्यावर नवरा-बायकोने मिळून काही महिने एखाद्या स्थानी सेवेला जाऊन राहायचं, असा बेत करणारी जोडपी आमच्या ओळखीत हल्ली बरीच झाली आहेत. त्यातली काही सज्जनगडाचं नाव काढतात, तर ज्यांच्या कानावर विवेकानंद केंद्राचं काम गेलंय ती कन्याकुमारीचं. आम्ही दोन्हीकडे राहिलो आहोत. गडावर तुकड्यातुकड्यांनी, कन्याकुमारीला सलग. समर्थ कोण आणि स्वामीजी कोण हे इथे सांगत बसत नाही. दर्शनाला जाणं वेगळं आणि कामाला राहणं वेगळं, एवढ्याचपुरतं हे लिहितोय.

पहिला फरक बांधिलकीचा. गडावर आठ-पंधरा दिवस राहून आलात, पुन्हा दासनवमीला गेलात, असं जमतं. मात्र तिथे रामदास स्वामी संस्थान आणि समर्थ सेवा मंडळ अशा दोन संस्था आहेत, तेव्हा आपण कोणाशी बोलतोय ते आधी नीट समजून घ्या. केंद्राचं तसं नाही. जीवनव्रती, सेवाव्रती, वानप्रस्थी अशी त्यांची कार्यकर्त्यांची रीतसर रचना आहे आणि आपल्यासारखे निवृत्त लोक तिसऱ्या गटात मोडतात. एकदा गेलात की पाहुणे राहत नाही, कार्यकर्ते होता. शिवाय केंद्राचं काम पार अरुणाचल-आसामपर्यंत पसरलंय. ‘कन्याकुमारीच द्या, समुद्र दिसला पाहिजे’ असा हट्ट धरून जाणार असाल तर न गेलेलं बरं.

राहिलो म्हणून सांगतो, गडावरचा दिवस फार सुंदर असतो. पहाटेची काकड आरती, समाधीची पूजा, दुपारचा प्रसाद, संध्याकाळी करुणाष्टकं. तळघरात समाधी आणि वर संभाजी महाराजांच्या काळातलं राममंदिर. तंजावरला घडवलेल्या त्या राममूर्तींसमोर रोज बसायला मिळणं याची तुलना कशाशी करणार? पावसाळ्यात धुकं मंदिराच्या ओवरीपर्यंत येतं आणि खाली उरमोडी धरणाचं पाणी दिवसदिवस दिसत नाही. जेवण आपलं असतं. गव्हाची खीर पानात पडली की घरची आठवण येत नाही. या बाबतीत कन्याकुमारीने स्पर्धेतच उतरू नये. तिथे भात, सांबार, रसम, ताक, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भात. भाकरीवाचून ज्यांचं पोट भरत नाही त्यांनी हा मुद्दा हसण्यावारी नेऊ नये. माझं वजन उतरलं, डॉक्टर खूश झाले, मी झालो नाही.

गुडघ्यांचं सगळेच विचारतात. मला वाटतं, पायऱ्यांचा बाऊ जरा जास्तच होतो. गडावर राहणाऱ्याला रोज चढायचं नसतं. एकदा वर गेलं की खाली उतरायचं ते औषधाला, दाताला किंवा बँकेच्या कामाला, आणि सातारा काही लांब नाही. त्याउलट कन्याकुमारी सपाट म्हणून लोक निर्धास्त जातात. पण समुद्रातल्या खडकावरच्या विवेकानंद शिलास्मारकावर चपला काढाव्या लागतात आणि भर दुपारी तो दगड असा तापतो की तळपाय टेकवत नाही. होडीत चढताना-उतरताना लाटेचा अंदाज घ्यावा लागतो. दिवसभर उभं राहणं आलं. खारी हवा तर चष्म्याच्या स्क्रूपासून इस्त्रीपर्यंत काही सोडत नाही. मोठा दवाखाना म्हणाल तर नागरकोइल, वीसेक किलोमीटरवर. घरी कोणाचं काही झालं तर रेल्वेने पुणं दीड दिवस लांब, नाहीतर तिरुवनंतपुरम गाठून विमान. आईवडील हयात असतील किंवा सुनेचं बाळंतपण जवळ आलं असेल, तर इथेच थांबा आणि गडाचा विचार करा.

एवढं वाचून वाटेल की पारडं गडाकडेच झुकतंय. कागदावर ते झुकतंच. आमच्या बाबतीत ते फिरलं ते एका भलत्याच गोष्टीने: ओळखीचे लोक.

सज्जनगड साताऱ्यापासून पंधरा-सोळा किलोमीटरवर, ठोसेघरच्या रस्त्याला. म्हणजे पुण्या-मुंबईचा माणूस कास बघणार, ठोसेघरचा धबधबा बघणार, चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांसमोर फोटो काढणार आणि जाता-येता गडावर डोकावणार. त्यात आपण तिथे मुक्कामाला आहोत ही बातमी नातेवाइकांत पसरायला दोन दिवस पुरतात. मग फोन सुरू. ‘काका, तुम्ही वरच आहात ना, मग शनिवारी एका खोलीचं बघाल का?’ ‘आमचे साडू येतायत, वयस्कर आहेत, प्रसादाच्या रांगेत जरा पुढे घ्या.’ ‘दासनवमीला दोन दिवस, फक्त सहा माणसं.’ शाळेत बरोबर असलेला, पुढे चाळीस वर्षांत एकदाही न भेटलेला मित्रही खोलीसाठी अचूक नंबर शोधून काढतो.

सेवेकऱ्याच्या हातात यातलं काहीही नसतं, आणि नसावंही. सगळ्यांना एकच रांग, एकच पंगत, हीच तर तिथली रीत आणि तीच योग्य आहे. पण हे भाचेसुनेला फोनवर पटवणार कसं? नाही म्हटलं की ‘बघा, एवढं गडावर राहून काही उपयोग नाही’ हे शब्द फिरून आपल्याच कानावर येतात. आलेले लोक भेटल्याशिवाय जात नाहीत, आणि भेटले की मुलाचा फ्लॅट, सोसायटीचा पुनर्विकास, कोणाची अँजिओप्लास्टी हे सगळं ओसरीवर मांडून बसतात. सकाळी मनाचे श्लोक म्हणायचे आणि दुपारी खोल्यांचा दलाल म्हणून फोन घ्यायचे, असं आमचं झालं. बायको तर म्हणायची की यापेक्षा पुण्यात बरं, तिथे निदान दार लावून घेता येतं. गडाचा किंवा तिथल्या कोणाचा यात तिळमात्र दोष नाही. दोष आमच्या गोतावळ्याचा, आणि तो तुमचा लहान असेल तर हा सगळा मुद्दा तुम्ही खोडून टाका.

कन्याकुमारीलाही मराठी माणसं येतात, यात्रा कंपन्यांच्या बसमधून भरभरून येतात. पण ती अनोळखी असतात. शिलास्मारकावर कोणी मराठीत बोललं की त्यांचे चेहरे खुलतात, आपल्यालाही बरं वाटतं, आणि तासाभरात ती होडीने परत जातात. त्या तासाभरात सांगण्यासारखं पुष्कळ आहे. स्वामीजी २५ ते २७ डिसेंबर १८९२ असे तीन दिवस इथे ध्यानाला बसले हे अनेकांना माहीत असतं. पण त्याच वर्षी त्याच भ्रमंतीत ते पुण्यात टिळकांकडे उतरले होते, पुढे कोल्हापूर, बेळगाव, गोवा करत दक्षिणेत उतरले, हे सांगितलं की लोक थांबून ऐकतात. हे स्मारक उभं करणारे एकनाथजी रानडे अमरावती जिल्ह्यातल्या टिमटाळ्याचे, हे तर आपल्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असतं. स्मारकाला परवानगी मिळावी म्हणून त्यांनी तीन दिवसांत ३२३ खासदारांच्या सह्या मिळवल्या, लाखो सामान्य लोकांकडून एकेक रुपया जमवला आणि १९७० साली स्मारक उभं केलं. हे तिथे उभं राहून सांगताना मला अजून कंटाळा आलेला नाही. अर्थात सगळेच काही एकनाथजींचं विचारत नाहीत. २०२४ नंतर ‘पंतप्रधान ध्यानाला नेमके कुठे बसले होते?’ आणि ‘काचेचा पूल कुठून सुरू होतो?’ हेच दोन प्रश्न जास्त येतात.

आणखी एक, जरा घरगुती. गडावर आमची ही आपोआप स्वयंपाकघराकडे वळायची. भाजी निवडणं, फुलवाती करणं यात तिचा हात चांगला चालतो, त्यामुळे तिला तिथेच बरं वाटायचं आणि मी कुठेतरी पावत्यांपाशी. दिवसातून आमची गाठ पंगतीत पडायची. कन्याकुमारीला ती पुस्तक विक्रीला बसली, हिंदी-इंग्रजीत लोकांशी बोलू लागली, आणि शाळेतून निवृत्त झालेली बाई पुन्हा शिकवायला लागली. संध्याकाळी विवेकानंदपुरमच्या, म्हणजे केंद्राच्या आवारात मोरांच्या ओरडण्यात आम्ही दोघं एकनाथजींच्या समाधीपर्यंत चालत जायचो. दोघांनी मिळून जायचं असेल तर हेही पाहा की तिथे दोघं एकत्र किती असणार.

तमिळचं म्हणाल तर त्रास होतो, खोटं कशाला बोलू. रिक्षा, भाजी, केमिस्ट, सगळीकडे हातवारे. समुद्र खवळला की होडी बंद, मग दिवस आवारातली कामं करण्यात जातो. ज्यांना गप्पांशिवाय करमत नाही त्यांना इथे पहिला महिना जड जाईल. त्यांनी गडच धरावा, मन रमेल. आणि ज्यांना वर्षातून चार-आठ दिवसच काढता येतात त्यांना हे दोन्ही नको. शेगावला पाळीने सेवा करणाऱ्यांची परंपरा मोठी आहे, तिथे चौकशी करा.

आम्हाला विचाराल तर आधी गडावर आठवडाभर राहून दोघांना पहाटे उठणं आणि पंगतीत वाढणं झेपतंय का ते पाहा, आणि मग कन्याकुमारीला लिहा. पत्रात तमिळ येत नाही हे लपवू नका. दोघांना कुठलं काम येतं, किती वेळ उभं राहवतं आणि औषधं कोणती चालू आहेत तेही स्वच्छ लिहा. पहिली खेप नोव्हेंबर ते जानेवारीत नको. तेव्हा शबरीमलाहून येणाऱ्या अय्यप्पाच्या भक्तांची इतकी गर्दी असते की नव्या माणसाला काम समजावून द्यायलाही कोणाला सवड नसते. फेब्रुवारीत जा, आणि जाताना गोडा मसाला घेऊन जा.